सोदिकचा हात

शालिक, आधी आपलं भांडण मिटवतो. रडायचं काय ते नंतर बघू.

तुझा जन्म कुठं झाला, तू कशात एम.ए. केलंस, किती वर्षं इतिहास शिकवलास, हे सगळं तुझ्या कॉलेजच्या फळ्यावर रंगीत खडूनं लिहिलेलं मी वाचून आलो. अक्षर छान होतं. तुझ्या नावापुढं 'विद्यार्थिप्रिय' असंही लिहिलं होतं. तू असतास तर म्हणाला असतास, "अबे, विद्यार्थ्यांयले विचारलं का कोनी?" त्यातलं मला काहीच लिहायचं नाही. मला त्या उझबेक पोराबद्दल लिहायचं आहे, ज्याच्यावरून आपण दोघं म्हातारे व्हायला आलो तरी भांडत राहिलो. म्हातारा आता मी एकटाच होणार.

इकडे नाकाडोंगरीला पावसानं ठाण मांडलंय. शाळेतली पोरं धानाच्या रोवणीला गेलीत. वर्गात गेलो तर पुढच्या बाकावर दोनतीन डोकी असतात, तीही ओली. माझी खोली तुला माहीत आहे. एक खाट, एक स्टो आणि खिडकीतून दिसणारं सागाचं जंगल. तू आलास की खाट तुझी आणि चटई माझी, असा नियम होता. आता रोज खाट माझी आहे. मला तिच्यावर झोप येत नाही.

ते पुस्तक आठव. आपण दोघं एकाच कॉलेजात शिकवत होतो, भंडाऱ्याला कामासाठी गेलो होतो आणि बाजाराच्या तोंडाशी रशियन पुस्तकांची गाडी उभी होती. जाड कागद, डिंकाचा वास, आणि किंमत अशी की मास्तरालाही दोनचार पुस्तकं घ्यावीशी वाटावीत. मी व्याकरणाची पुस्तकं चाळत होतो. तू मुखपृष्ठ बघून कादंबरी उचललीस. भरतकाम केलेली चौकोनी टोपी घातलेला एक पोरगा, मागं झाडं आणि कॉलेजची इमारत. "हा त आमच्या गावच्या चंद्रभानवानी दिसून राहिला," म्हणालास आणि पैसे देऊन मोकळा झालास. उझबेकमधून रशियनमध्ये आणि रशियनमधून हिंदीत आलेली कादंबरी. परतीच्या बसमध्ये तू मागचा मजकूर मोठ्यानं वाचलास. त्यात लिहिलं होतं की ही कथा जुन्या वाईट काळातली आहे, आता तसं काही उरलेलं नाही. तू इतका हसलास की कंडक्टरनं वळून पाहिलं. त्यानंतर आपल्या दोघांत तो परवलीचा शब्दच होऊन गेला. मेसची भाजी करपली की तू म्हणायचास, जुन्या काळातली आहे, आता तसं काही उरलं नाही.

गोष्ट साधी होती. सोदिक नावाचा खेड्यातला पोरगा ताश्कंदच्या विद्यापीठात येतो. घरात पहिलाच शिकणारा. वसतिगृहात रोटी आणि काळा चहा. त्याचे एक इतिहासाचे उस्ताद असतात, ते वर्गात एका अशा माणसाचं नाव घेतात ज्याचं नाव पुस्तकांतून खोडून टाकलेलं असतं. नुसतं नाव घेतात, बाकी काही नाही. कुणीतरी वर जाऊन सांगतं. तेव्हापासून विद्यापीठात लोक हळू बोलायला लागतात, जिन्यात भेटले तर खाली बघतात. आणि मधेच दर हिवाळ्याच्या तोंडाला सगळे वर्ग बंद करून पोरापोरींना ट्रकात भरून कापूस वेचायला नेतात. परीक्षा गेली खड्ड्यात, कापूस आधी.

तू वर्गात हे सांगितलंस तेव्हा मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "सर, आमीबी त रोवणीले जातोच. त्यात का हाये?" सगळा वर्ग हसला. तू हसला नाहीस. तू म्हणालास, "तू आपल्या बापाच्या बांधीत जाऊन राहिला, आपल्या पायानं. त्यायले गाडीत घालून नेऊन राहिले. आन कोनी नाही म्हटलं, त तेचं नाव लिवून घेऊन राहिले." मी बाहेर व्हरांड्यात उभा राहून ऐकत होतो. मराठीच्या मास्तराला इतिहासाच्या मास्तराचा हेवा वाटला, तो असा.

शेवटाकडं उस्तादांना काढून टाकायचं ठरतं. विद्यापीठाच्या मोठ्या सभागृहात सगळे जमतात. ठराव वाचला जातो. अनुकूल असणाऱ्यांनी हात वर करावेत. सोदिक तिसऱ्या रांगेत बसलेला, उस्ताद समोर खुर्चीवर, आणि सोदिक आपल्या मांडीवरच्या हाताकडं बघतो. पान उलटलं की पुन्हा कापूस! पुस्तक बांधणाऱ्यानं घोळ घातला होता. शेवटची पानं लावायची सोडून मधलीच पानं दुसऱ्यांदा शिवून टाकली होती. सभागृहातला पोरगा एकदम शेतात वाकून कापूस वेचायला लागला. तू दोन दिवस त्या कारागिराच्या नावानं बोटं मोडत होतास.

तिथून आपलं भांडण सुरू झालं. तू म्हणायचास, सोदिकनं हात वर केलाच नसणार. मी म्हणायचो, केला असणार, सगळेच करतात. तू पुस्तकातले दाखले काढायचास, की बघ, या पानावर तो आजारी पोराच्या वाटणीचा कापूस वेचतो, असा पोरगा हात कसा वर करील? मी म्हणायचो, कापूस वेचणं वेगळं. तू चिडून कपातला चहा तसाच ठेवायचास आणि मग थंड झाला म्हणून माझा प्यायचास. लोक बायकोशी भांडतात. माझं लग्न काही झालं नाही, माझ्या वाट्याला तू आलास.

मग आणीबाणी लागली. कॉलेज छोटं, गाव छोटं, पण तिथंही लोक हळू बोलायला लागले. मास्तर मंडळी स्टाफरूममध्ये हवापाण्याबद्दल बोलायची. त्या पावसाळ्यात मी वर्गात धडा बाजूला ठेवून त्या सभागृहाचं प्रकरण वाचून दाखवलं, हिंदीवरून मराठी करत करत. वाईट नाही झालं मराठी. कुणीतरी वर जाऊन सांगितलं. कुणी ते मी कधी शोधलं नाही.

सगळ्या मास्तरांना बोलावून मोठ्या हॉलमध्ये सभा झाली. पंखा कुरकुरत होता. संस्थेच्या लोकांनी विचारलं, हे पुस्तक कुठून आणलं? मी म्हणालो, भंडाऱ्याहून, गाडीवरून. ते खरंच होतं. कुणाचं आहे, हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. माझी नेमणूक पुढं चालू ठेवू नये, असा ठराव वाचला गेला. आपण दोघंही कच्च्या नोकरीवर होतो. अनुकूल असणाऱ्यांनी हात वर करावेत. तू खिडकीजवळ बसला होतास, बाहेर बघत. सगळ्यांचे हात गेले आणि मग तुझा गेला, शेवटी, अर्धाच, खांद्याइतका. मोजणाऱ्यानं तो मोजला.

मला राग आला होता, शालिक. खोटं कशाला बोलू? त्याच वर्षी तुझे वडील गेले होते, घरात माय, लग्नाच्या दोन बहिणी, आणि तलावातली मासळी भागीदारीची. तुझी पक्की ऑर्डर यायची होती. मला सगळं माहीत होतं. पण माहीत असलं म्हणून राग येत नाही असं थोडंच आहे? मी ट्रंक उचलली आणि तुझ्याशी न बोलता बस धरली. बपेऱ्याला घरी गेलो, थोरल्या भावाच्या शेतावर राबलो, मग नाकाडोंगरीच्या या शाळेत चिकटलो. आणीबाणी संपेपर्यंत मी तुझं नाव काढलं नाही. संध्याकाळी शाळेच्या पायरीवर बसून जंगलाकडं बघायचो आणि मनात तुझ्याशीच भांडायचो. दुसरं कुणी नव्हतंच.

आणीबाणी उठली. त्या वर्षीच्या दिवाळीनंतर एक दिवस तू आलास. वर्ग चालू होता. दारात उभा राहिलास, चपला हातात, पाय धुळीनं भरलेले, कारण बस गावाच्या अलीकडंच बंद पडली होती. पोरं तुझ्याकडं बघायला लागली. तू एवढंच म्हणालास, "आमच्या गावची मंडई हाये. येशील?" मी म्हणालो, येईन. पोरांना वाटलं कुणी नातेवाईक आलाय.

तुझं गाव, कोंढ्याच्या पुढचं, तलावाच्या पाळीच्या बांधाला चिकटलेलं. मंडईच्या जत्रेला घराघरात पाहुणे, लेकी माहेरी आलेल्या, आणि भर दुपारी चौकात दंडार, ढोलकीवर नाच आणि सोंगं. तुझे वडील दंडारीत नाचायचे, हे तू सांगितलं होतंस. पण तू दंडारीत सोदिक उभा करशील, असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. तुझ्या गावच्या मासळी धरणाऱ्या ढिवरांच्या पोरांनी डोक्यावर पुठ्ठ्याच्या चौकोनी टोप्या घातल्या होत्या, त्यावर चमकी. उस्तादांना कापसाची पांढरी दाढी. ढोलकी वाजली आणि ताश्कंदचे विद्यार्थी कापूस वेचायला निघाले. कापूस वेचताना त्या पोरांनी जन्मात कुणाला पाहिलं नव्हतं. त्यांना येत होती ती रोवणी. सगळे रांगेत वाकले आणि रोवणाऱ्या बायांसारखे मागं मागं सरकत कापूस रोवायला लागले! बाया हसून हसून पदरात तोंड घालत होत्या. मीही हसलो. कितीतरी दिवसांनी हसलो.

मग सभागृह आलं. सरपंचाचा पोरगा अध्यक्ष झाला होता, त्यानं ठराव म्हटला, हात वर करा. पोरांचे हात गेले. तू सोदिक होतास. तू उभा राहिलास आणि हात खाली. ढोलकीवाला वाट बघत होता. तू पुढं काही ठरवलंच नव्हतंस, की ठरवलेलं विसरलास, ते मला आजही माहीत नाही. तू समोर बघत होतास, तिथं मी बसलो होतो. बराच वेळ गेला. ढोलकी थांबली.

तेव्हा बायांच्या बाजूनं तुझी माय बोलली. मोठ्यानं नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "कर ना रे बापा हात वर. घरी माय हाये ना तुजी."

मी खाली बघितलं. तुझ्याकडं बघण्याची माझी ताकद नव्हती. दंडार अर्धी सोडत नाहीत, तसा तुमच्याकडं रिवाज नाही. म्हणून म्हाताऱ्यांनी तू उभा असतानाच शेवटची आरती धरली. ताश्कंदच्या विद्यापीठाची गोष्ट आपल्याकडं अशी संपली, ताटात कापूर आणि मधोमध हात खाली सोडलेला तू.

नंतर पाळीवर बसून आपण मासळी-भात खाल्ला. पाण्यात पोरं डुंबत होती. तू काटा काढता काढता म्हणालास, "सदू, त्यानं हात वर नाही केला." मी म्हणालो, "केला." तू पुन्हा म्हणालास, "नाही केला." मी पुन्हा म्हणालो, "केला बे. मासळी खा." बस. त्या सभेबद्दल आपण आयुष्यात इतकंच बोललो.

मी 'केला' म्हणायचो तेव्हा मला म्हणायचं असायचं की कुणीही केला असता. तुझ्या जागी मी असतो तर मीही केला असता, कदाचित तुझ्याआधी. आता सोड ते. आणि तू 'नाही केला' म्हणायचास, त्यात तुला काय म्हणायचं असायचं ते मला कळायचं. पण हे असं सरळ मराठीत मी तुला कधी सांगितलं नाही. मराठीचा मास्तर असून नाही सांगितलं. दर वर्षी मंडईला आलो की सांगू म्हणायचो आणि आलो की तूच आधी सुरू करायचास. मला वाटायचं, भांडण चालू आहे म्हणजे सगळं ठीक आहे.

तू त्या पुस्तकाची धड प्रत शोधत राहिलास. नागपूरला गेलास की जुनी पुस्तकं विकणाऱ्यांच्या ढिगात वाकायचास. ती गाडी नंतर आपल्याकडं यायची बंद झाली. रशियन शिकलेला कुणी भेटला की त्याला तू गोष्ट सांगून शेवट विचारायचास आणि तो बिचारा गोंधळून जायचा. मी चिडवायचो, "तुले शेवट भेटला त मले सांगू नोको." तू म्हणायचास, "काहून? हारशील म्हनून?" मी हो म्हणायचो. खरं म्हणजे शेवट सापडला तर तू बसचा एवढा प्रवास करून माझ्याकडं कशाला येशील, अशी मला भीती वाटायची. येतच राहिला असतास तू, हे मला माहीत आहे. तरी वाटायचं.

तुझ्यामुळं मला या खोलीत राहता आलं, शालिक. नाकाडोंगरीत कुणी माझ्याशी वाईट वागलं नाही. लोक चांगले आहेत, 'गुरुजी' म्हणतात, भाजी आणून देतात. पण भाजी देणाऱ्याशी उझबेक पोराबद्दल कसं बोलायचं? वर्षभर मी वाचलेलं, चिडलेलं, हसलेलं सगळं तुझ्यासाठी जमवून ठेवायचो. तू येऊन खाटेवर पसरायचास आणि म्हणायचास, "हं, आता बोल." कुणी 'आता बोल' म्हणणं ही केवढी गोष्ट असते, ते मला या दिवसांत कळलं.

तुझी बातमी मला उशिरा कळली. नाल्यावर पाणी होतं, बस बंद. पोचलो तेव्हा सगळं झालेलं होतं. तुझी माय दारातच बसली होती. तिला आता नीट दिसत नाही. मी पायाला हात लावला तर तिनं माझा हात चाचपला, मनगटापासून बोटांपर्यंत. म्हणाली, "सदू बापू, आला का? सालिक त तुजी वाट पाहून राह्यला होता." मग म्हणाली, "जेवला का?" तिनं सुनेला हाक मारून ताट वाढायला लावलं. पाळीवर जाऊन मी एकटाच बसून आलो. पाण्यात पोरं होतीच.

मग तुझ्या कॉलेजची शोकसभा. मला बोलावलं होतं, 'सरांचे जुने मित्र' म्हणून. तोच हॉल. पंखा नवा आहे, कुरकुरत नाही. त्या वेळचं तिथं आता कुणी नाही, त्यामुळं मीही इथं शिकवत होतो हे कुणाला ठाऊक नव्हतं. रिकामी जागा बघून मी बसलो. बसल्यावर लक्षात आलं की ही तुझी खिडकी. भाषणं झाली. तुझ्याबद्दल सगळे चांगलं बोलले आणि त्यातलं बरंच खरंही होतं. शेवटी ऑफिसच्या बाबूंनी उभं राहून शोकठराव वाचला. शालिकराम सर आपल्यात राहिले नाहीत, ते आपल्याला कायमचे सोडून गेले आहेत, ही सभा असं नमूद करते. शोकठरावाला लोक नुसते उभे राहतात, एवढं त्या बाबूंनाही माहीत असणार. पण बिचाऱ्याचा जन्म ठराव वाचण्यात गेलेला. तोंडाला सवय पडलेली. वाचून संपलं तसं ते म्हणाले, "ठरावाला अनुकूल असणाऱ्यांनी हात वर करावेत."

चूक कुणाच्या लक्षात आली नाही. पुढच्या रांगेतले हात वर गेले, मग मधले, मग मागच्या पोरांचे. तुझ्यावर माया असलेली माणसं होती ती, रडत होती त्यातली काही. मीही हात उचलायला गेलो. शालिक आपल्यात नाही, एवढंच तर मान्य करायचं होतं. माझा हात मांडीवर होता. मी त्याच्याकडं बघत राहिलो. शेजारच्या तरुण मास्तरानं कोपरानं हलकंच ढोसलं, "सर, हात." मला ऐकू आलं. हात उचलला नाही. राग नव्हता, हट्ट नव्हता, फक्त तो उचलला जात नव्हता.

बाबूंनी हॉलवर नजर फिरवली आणि 'सर्वानुमते मंजूर' असं लिहिलं. ते खोटं आहे, शालिक. तिसऱ्या रांगेत खिडकीजवळ एक हात खालीच होता.

सोदिकनं हात वर केला नाही. तूच बरोबर होतास. हे सांगायला मी मंडईला येईन, तेव्हा तू नसशील.